विमानासाठी सोडलेली जागा

कलिन्याच्या कॅन्टीनमागे कोठीची खोली होती:
बटाट्याची पोती, दोन मोडके पंखे
आणि सातनंतर आम्ही.
फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं,
उरलंसुरलं – उसळ, पाव, अर्धं पातेलं शिरा.
बँडचं नाव तिथूनच उचललं.

ऑसबर्टचा ट्रम्पेट. पोरगा कोलेकल्याण गावठाणातला.
त्याचे आजोबा लग्नात उंबराच्या पाण्याला
विहिरीपर्यंत सरळ वाजवत जायचे,
परतताना भरल्या घागरींची चाल सांभाळत
सूर जरा तिरका करायचे.
तो तिरका सूर तेवढा ह्याच्या वाट्याला आला.
पिस्टनला हा खोबरेल लावायचा. तो थंडीत थिजायचा.

जेतवनची क्लॅरिनेट बापाच्या बँडमधली,
अंबरनाथचा बँड, लाल कोट, सोनेरी झालर.
तो पालीत एम. ए. करत होता.
चार हंगाम वरातीपुढे काढल्यामुळं
त्याला चालतानाच नीट वाजवता यायचं.
खोलीत चालायला जागा नव्हती.
जागच्या जागी पावलं टाकायचा.

यास्मिन दळवी, मुरुडची. पेटी.
पेटीवर जॅझ कसा वाजतो, लोक विचारायचे.
वाजत नाही, म्हणायची ती, आणि भाता ओढायची.

मी बास. भाड्याचा, माझ्याहून वीतभर उंच.
रिक्षातून त्याची मान बाहेर,
माझी त्याच्याखाली.

ड्रम्सना पैसे नव्हते. पागधरे होते,
रात्रपाळीचे रखवालदार.
आवाज कमी करा रे, म्हणत दारावर काठी आपटायचे,
नेमकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर.
महिनाभरानं त्यांना आत घेतलं.
कांद्याचं पोतं की बटाट्याचं,
यावर त्यांची ठाम मतं होती.

आणि डोक्यावर विमानं.
दर दोन-तीन मिनिटांनी एक, इतकं खाली
की खिळे मोजावेत पोटावरचे.
ते आलं की स्वतःचंसुद्धा ऐकू यायचं नाही.
आधी शिव्या दिल्या. मग थांबायला लागलो.
मग कधीतरी, कुणी न ठरवता,
चालीतच जागा सुटायला लागली:
ऑसबर्ट सूर उंच नेऊन ठेवणार, फळीवर डबा ठेवावा तसा,
बाकीच्यांचे हात बाजूला,
विमान जाणार,
मग डबा खाली.

फेब्रुवारीत स्पर्धा. फोर्टातलं सभागृह,
रंगीत काचा, खोकलासुद्धा घुमणारा.
अर्जात: भारतीय, पाश्चात्य, लोक. एकावरच खूण करावी.
यास्मिननं तिन्हींवर केली,
आणि पागधरेंच्या वयापुढे लिहिलं, एकवीस.

चौथ्या मिनिटाला ऑसबर्टनं सूर वर ठेवला.
आम्ही हात काढले.

विमान आलं नाही.

फोर्टावरून विमानं जात नाहीत
हे आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.
परीक्षकानं पेनाचं टोपण लावलं, ते ऐकू आलं.
कुणीतरी दोन टाळ्या वाजवून ओशाळलं.
जेतवनचे पाय चालूच होते, बिनआवाजी.
आणि पागधरेंनी, बावीस वर्षांच्या सवयीनं,
मान वर केली.
मग आम्ही.
मग पहिली रांग, मग मागची,
मग गॅलरीत पॉपकॉर्न खाणारी पोरं:
अख्खं सभागृह छताकडे बघत बसलं.
काय बघत होते कोण जाणे.

मी बासवर हात ठेवला तेव्हा लाकूड गार लागलं.

शेऱ्यात लिहून आलं: मध्येच विसरले.
उत्तेजनार्थसुद्धा नाही.
पागधरेंनी तो कागद मागून घेतला,
चार घड्या करून ड्युटीच्या वहीत ठेवला.
गेटपाशी टेम्पोतून बास उतरवताना म्हणाले,
पण कुठलं होतं रे ते, न आलेलं?

दोहाचं असेल, जेतवन म्हणाला.
ते उशिराच येतं.