अंदाजाचं माप

पडदा मीच शिवला. सहा पांढऱ्या चादरी,
मधोमध दुहेरी टीप.
नंदगडच्या बंद कौल-कारखान्यात टांगला तेव्हा
शिवण नेमकी नायिकेच्या नाकावरून गेली
आणि अडीच तास ती तशीच रडली.

सिनेमा इथलाच. सत्तर वर्षांमागचं खानापूरचं रान,
कोळशाच्या भट्ट्या, सिद्द्यांची वस्ती,
अवर्षणात उकडून खाल्लेले कडू कंद.
शूटिंगवाल्यांनी तीस सदरे मला दिले होते:
नवं कापड आधी शिवा, मग फाडा, मग ठिगळं लावा,
चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारं करा.
पैसे चोख मिळाले.

जनरेटर थांबला, ट्यूबलाइट लागली,
आणि जो तो बोलायला लागला.
सोसायटीतला जिनदत्त चौगुले म्हणाला,
"फोटो एक नंबर, पण लांबवलाय की वो."
पोस्टातल्या सुलोचनाबाई पदरानं डोळे पुसत
सांगत होत्या, रडू नाही आलं, कुसळ गेलंय.
कॉलेजची पोरं भाषेवरून हमरीतुमरीवर:
एवढं कानडी कशाला घातलं?
मराठी तरी कशाला?
मागं पोत्यावर बसलेला इनास सिद्दी
शेजाऱ्याला कोंकणीत विचारत होता, "तंबाकू आसा?"

हिरो मुंबईचा. रोज दोन तास काळा रंग लावून घ्यायचा.
"मेकप बाकी जबरदस्त," कुणीतरी म्हणालं.
इनास हसला. "कानामागं इसरला न्हवं."

मग भरमाजी देसाई उभे राहिले, सभेत राहतात तसे.
"वरनं पाणी ओतणं, पैसे भुईवर ठेवायला लावणं,
हे असलं आमच्या भागात नव्हतं.
उगीच बदनामी करूलालेत.
सिद्दी आमच्यात घरच्यासारखे होते."
घरच्यासारखे. माना हलल्या.
माझीही हलली, सवयीनं.

रोझा सिद्दी मध्यंतराआधीच मेली होती, सिनेमात.
दीडशे रुपये आणि जेवण.
"मेलेली झ्याक दिसलीस गा," बायका म्हणत होत्या.
ती पडद्याजवळ आली, शिवणीवरून बोट फिरवलं,
मग माझ्याकडं बघून म्हणाली,
"सदऱ्याची ठिगळं लई चांगली बसवलैस.
टाके एका रेषेत.
आमच्याकडं दोरा कुठला?
आई बाभळीच्या काट्यानं टाचायची."
जरा थांबली.
"तुझ्या बानं माझ्या बाला टेप कधी लावली न्हाई.
उंबऱ्यातनं बघायचा. हात वर कर म्हणायचा. झालं माप.
बाही कायम आखूड."

रागानं नव्हे. बाजारात भाव सांगावा तसं.
भरमाजी तोवर चप्पल शोधत होते.

बाबांची मापवही अजून आहे माझ्याकडं,
निळ्या पुठ्ठ्याची, तेलकट.
छाती, कंबर, बाही, गळा, नावापुढं आकडे.
काही नावांपुढं आकडा नाही, नुसतं "अं."
लहानपणी मला वाटायचं, अंगरखा.
बाबा सगळ्यांशी गोड बोलायचे. तेही खरं आहे.

टेप गळ्यात होतीच, ती असतेच.
म्हटलं, "रोझा, दुकानात ये, झंपर शिवतो. फुकट."
"फुकट नको. आणि आज नको,
हल्याळची गाडी निघंल.
त्या सदऱ्यांच्या चिंध्या उरल्यात काय? कौदीला पायजे."

पिशवीभर होत्या. दिल्या.
तिनं एक तुकडा नाकाशी धरला, चहाचा वास घेतला,
आणि एवढी हसली
की इनास दारातून मागं वळून बघायला लागला.

सकाळी पडदा उसवायला बसलो.
चादरी लॉजच्या, दुपारपर्यंत परत द्यायच्या होत्या.
माझीच दुहेरी टीप,
ब्लेडनं काढतोय, निघता निघत नाही.