विहिणीचा मान

सुनेच्या माहेरचं तळं हे. माझं नव्हे.
माझं दोन उन्हाळ्यांमागे गेलं.
काठाखालची गोठलेली जमीन विरघळली, चर पडला,
आणि नवव्या दिवशी सगळं पाणी
न सांगता उठून गेलेल्या पाहुण्यासारखं
नदीला जाऊन मिळालं.
मागे चिखल. चिखलात तोंडं उघडी टाकलेले सोबो मासे.
आणि मधोमध, जिथे कधी कुणाचे पाय टेकले नव्हते,
बापाच्या हातून निसटलेली बर्फ फोडायची पहार.
दांडा कुजलेला, लोखंड शाबूत.
बाप मरेपर्यंत तिच्यासाठी हळहळला.
मी ती चालत जाऊन उचलली.

आज तिला नवा दांडा आहे.

सुनेचा चुलता ब्योतुर म्हणतो, उणे पंचेचाळीस असावं.
त्याची तापमापी चाळिसाखाली मुकी होते,
पुढचं तो नाकाने मोजतो.
नाकातले केस काटे झाले की बेचाळीस,
श्वास धान्य ओतल्यासारखा वाजला की पंचेचाळीस.
"आणि पन्नास?"
"पन्नासला मी घरीच असतो."

तो पुढे, मी दोन पावलं मागे.
माझ्या तळ्यावर मी डोळे मिटून सांगितलं असतं
कुठे लव्हाळं, कुठे बर्फ दगाबाज,
कुठल्या खळग्यात म्हातारे मासे हिवाळा काढतात.
इथे, पासष्टाव्या वर्षी,
मी पुन्हा विचारणारा झालोय.
इथे फोडू?
अजून पुढे.
इथे?
हं.

पहार आपटते. आवाज ओळखीचा नाही.
आमचं तळं पोटातून हुंकार द्यायचं,
हे तुटक बोलतं,
दार अर्धंच उघडून
"कोण पाहिजे?" विचारल्यासारखं.

पापण्या चिकटतात.
हातमोजा काढून बोटाने सोडवायच्या,
मग ते बोट काखेत.
घाम येतोय वाटलं की थांबायचं,
थंडीपेक्षा घामाला भ्यायचं,
एवढं तरी दोन्ही तळ्यांचं सारखं.

कमरेइतका खड्डा झाल्यावर ब्योतुर
खिशातून चामड्याची वादी काढतो,
एक टोक दांड्याला बांधतो, दुसरं माझ्या मनगटाला.
"शेवटच्या घावाला निसटते.
माझ्या दोन आहेत खाली. थोरल्याची एक."

म्हणजे ही पण खाते.
का कोण जाणे, बरं वाटलं.

काळं पाणी वाफाळत वर आलं,
कुजक्या गवताचा, गंजाचा वास घेऊन.

आमच्यात तळ्याचं नाव घेत नाहीत,
एबे म्हणतात, म्हणजे आजी.
पण एक आजी अशी गेल्यावर
दुसरीला लगेच तोंडभरून आजी कसं म्हणायचं?
नात्याने ही माझी विहीण.
आणि विहिणीशी बेताने बोलावं.
म्हणून पुऱ्यांचा तुकडा लोण्यात बुडवून
बर्फाच्या काठावर ठेवला,
टोपी सरळ केली,
आणि काहीच बोललो नाही.
ब्योतुरने तेवढ्यात पाठ फिरवली होती,
पाइप पेटवायचा होता म्हणे. तो पाइप ओढत नाही.

मग कुयुर.
लांब दांड्याला जाळीची टोपली, ती पाण्यात सोडून
दोघांनी भोकाभोवती फिरायचं,
खाली भोवरा होईतो, मासे गरगरून वर येईतो.
पहिल्यांदा चिखल. दुसऱ्यांदा पाणकिडे आणि शेवाळ.
सातव्या खेपेला
चार सोबो, तळहाताएवढे, पितळी.
दोनदा उडाले आणि उडी मारतानाच
वाकडे गोठले.

रात्री क्युन्नेईने ते परातीत टाकले, खणखण वाजले.
नातू एर्खान हनुवटी टेकून बघत बसला.
हा तीन वर्षांचा. ते तळं त्याला आठवणार नाही.
पाणी सुटत गेलं,
आणि एकाचा कल्ला हलला.

"आजोबा! आपल्या तळ्यातला?"

मी मनगटावरची वादी सोडवत होतो.
हं, म्हटलं.
गाठ ओली झालेली, सुटेना.