ब्रेकेज डिपॉझिट

फार्मसीची फी ऐकून पप्पा म्हणाले, "बरं."
आमच्या घरात 'बरं' म्हणजे नाही,
आणि 'बघू' म्हणजे उसनवारी.
मग मी बी.एस्सी. म्हटलं. केमिस्ट्री. अनुदानित तुकडी,
चौथ्या यादीत खालून दुसरं नाव.
"वर्षाचे किती?"
मी आकडा सांगितला.
त्यांनी तो परत विचारला,
दुकानदारानं चुकून कमी सांगितला असावा तसा.

त्रिमूर्ती चौकातून बसचा पास.
ॲप्रन जुना, खिशावर लाल दोऱ्यानं: पूनम अहिरराव.
कोण असेल ती, पास झाली का,
बाहीला आम्लाची तीन भोकं पाडून कुठं गेली?
नाव उसवायला बसले, तर खालचं कापड
बाकीच्यापेक्षा पांढरं निघालं.
राहू दिलं मग.
हजेरीपुरती मी माझी, लॅबमध्ये सगळ्यांची पूनम.

पुस्तकं रद्दीवाल्याकडून, किलोवर.
ऑरगॅनिकची सतरा पानं नाहीत,
ती तरन्नुम फोटो काढून पाठवते.
तिचा नेट पॅक संपला
की मला बेंझिन येत नाही.

सप्टेंबरात ब्युरेट फुटली. तीनशे ऐंशी.
गांगुर्डे मामांनी वहीत माझं नाव लिहिलं, मग खोडलं,
मग "लिहावं तर लागणारच गं," म्हणत
पुन्हा लिहिलं.
डिपॉझिट पाचशेचं.
म्हणजे वर्षअखेरपर्यंत
एकशे वीस रुपयांइतकंच चुकायची मला परवानगी.
त्या दिवसापासून मी काच
झोपलेलं बाळ उचलावं तशी उचलते.

आणि डिसेंबरात डायक्रोमेट आलं.
परीक्षानळीत उभी नारिंगी.
सर म्हणाले, हातमोजे. तोंडानं ओढायचं नाही.
हे कातडी खातं, नाकातला पडदा खातं,
माणसाला कळतही नाही.
शेजारची मुलगी एक पाऊल मागे सरकली.
मी नाही सरकले.

हा रंग आमच्या घरी येतो.
अंबडच्या प्लेटिंगच्या टाकीवरून
अकरा वर्षं, पप्पांच्या नखांत बसून.
दूध करपलं तरी पप्पांना वास कसा येत नाही
यावर आम्ही हसायचो.
आई तर पाहुण्यांना सांगायची.

सरांनी थेंब थेंब काहीतरी टाकलं, नारिंगी हिरवी झाली.
क्षपण, ते म्हणाले. आता विष पुष्कळ कमी.
व्हिटॅमिन सीनंसुद्धा होतं, बरं का,
आणि फळ्याकडे वळले.

संध्याकाळी मेडिकलमधून आंबट गोळ्यांची एक स्ट्रिप.
दोन मी बसमध्येच चघळल्या, खोटं कशाला बोलू.
उरलेल्या तेरा कोमट पाण्यात कुस्करल्या.
पप्पा, हात.
भेगांना झोंबलं असणार. बोलले नाहीत,
कोपरानं रिमोट दाबून टीव्हीचा आवाज वाढवला.
पाणी आधी पिवळं.
मग बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं, नापास.
मग नखांच्या कडेनं, शेवाळाची चाहूल लागावी
इतपत हिरवं.

"हे शिकवतात?"
हो.
"एवढ्याच फीत?"

नाकाचं मी बोलले नाही.
त्याला गोळी नाही, हे मला दुपारीच कळलं होतं.

हात पुसत पप्पा म्हणाले,
उद्या अजून दोन स्ट्रिपा आण.
वाघचौरेला पण, आणि तो नवा पोरगा आलाय,
एकोणीसचा, हातमोजे फाटलेत त्याचे.

जर्नलच्या शेवटच्या पानावर माझा हिशेब असतो.
पास. झेरॉक्स. ब्युरेट.
त्याखाली लिहिलं: गोळ्या, स्ट्रिपा तीन.
कशात धरायचं ते कळेना.
पेन थोडा वेळ तसंच धरलं,
मग ब्रेकेजमध्ये टाकलं.