तेवीस किलो

ग्रीन गेटच्या आत एका खिडकीपाशी
त्यांनी माझ्या तीन सह्या घेतल्या.
बॅग एक. निळी. चाकांची. वजन तेवीस किलो.
मिळाली, सुस्थितीत.
सोबतच्या माणसाचा रकाना फॉर्मवर नव्हता.

एजंटचा पोरगा सभ्य. पाणी दिलं.
म्हणाला, काका, फिरायला उतरले तरी
पाचच्या आत परतायचं असतं सगळ्यांनी,
बोट कुणासाठी थांबत नाही.
मी म्हटलं, ठाऊक आहे.
एकतीस वर्षं सावंतवाडी डेपोला कंडक्टर होतो.
डबल बेल दिल्यावर
मीही मागे बघत नसे.

तीच बोट तिकडे रिकामी होत होती.
एकसारख्या टोप्या, पिवळी लेबलं,
झोपाळलेली पोरं कडेवर.
त्यांच्या बॅगा रात्री कुणीतरी दारातून उचलायचं.
ते काम हर्षदचं होतं.

टॅक्सीवाला स्टेशन म्हटल्यावर हसला.
एवढ्याला परवडत नाही चाचा, तीनशे द्या.
दीड किलोमीटर.
मी टप्प्यांवर जन्म काढलेला माणूस,
याचा अर्धा टप्पाही होत नाही.
चालत निघालो.

बॅलार्ड इस्टेटचे फुटपाथ रुंद आहेत
पण प्रत्येक गल्लीशी खाली उतरवतात, पुन्हा चढवतात.
डाव्या चाकाला काहीतरी झालंय:
तीनदा फिरतं, चौथ्यांदा घासत येतं.
हा लहानपणी तसाच चालायचा, चपला फरफटत,
आणि मी ओरडायचो, पाय उचल रे.
एका कोपऱ्यावर
मी खरंच मागे वळलो.

जीपीओच्या कडेला पार्सलं शिवणारे बसतात.
एकानं दाभण दातांत धरून
बॅगेकडे बोट केलं. पाठवायची?
कापड लावतो, लाख लावतो, पत्ता बोला.
मी म्हटलं, पत्ता नाही.
त्यानं दाभण काढलं तोंडातून,
जरा सरकला, म्हणाला, बसा.
बसलो. गाडी अकराची, वाजले होते चार.
त्यानं माझ्यासाठीही कटिंग सांगितला
आणि काही विचारलं नाही.

स्टेशनात बॅग पट्ट्यावर ठेवली.
पोलीसबाई म्हणाल्या, आत काय आहे?
मला माहीत नाही, असं म्हणता येत नाही तिथे.
मुलाचे कपडे, म्हटलं.
मग पडद्यावर ती आली, नारिंगी,
कपड्यांची धूसर गाठोडी, बुटांचे तळ,
आणि एका कोपऱ्यात गडद निळा
खेकड्याच्या नांगीसारखा
माझा तिकीट-पंच.

रिटायर झालो त्या महिन्यात घरभर शोधला होता.
हिनं उंदरावर घातलं. मी भंगारवाल्यावर.
हे काय आहे, बाईंनी विचारलं.
पंच आहे. माझा.
त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
आणि पट्टा पुढे सोडला.

वर लाऊडस्पीकर सांगत होता,
बेवारस सामानाला हात लावू नये.
मी हात ठेवूनच बसलो.

बॅगेचं कुलूप तीन आकड्यांचं.
हिनं फोनवर बजावलंय,
वाटेत उघडू नकात, घराकडे इल्यार उघडूया.
तरी बाकावर त्याची जन्मतारीख लावून पाहिली.
हिची. माझा बिल्ला नंबर.
दहावीचे मार्क, जे मी चारचौघांत सांगितले नव्हते.
कुठलाच लागला नाही.

कोकणकन्या सुटली. खालची बर्थ माझी,
बॅग पायांशी.
शून्य शून्य शून्यपासून सुरुवात केली,
अंगठ्यानं, अंधारात, दर आकड्याला एक बारीक टिक.
समोरचा झोपेतच कुशीवर वळला.
उघडलीच, तर तशीच परत लावून टाकीन,
हिला सांगणार नाही.

पनवेल गेलं तेव्हा
एकशे बेचाळीसवर होतो.