उरात

दिवाळी अंकासाठी एक कथा लिहिली.
तीन सूर्यांच्या कुठल्याशा ग्रहावर
एक शहर. नाव ठेवलं ऊर.
नाव सुमेरचं, उसनं आणलेलं.
पुस्तकातल्या नकाशाच्या कोपऱ्यात
शाईचा ठिपका पडावा तसं ते असायचं,
परीक्षेला कधी यायचं नाही.

मुरूडच्या छापखान्यात
अय्युब खरादीनं प्रूफ पुढं केलं.
"सर, इथं 'ऊर' दीर्घ लिहिलाव,
खाली 'ऊरात'. तेबी दीर्घच?"
म्हटलं, विशेषनाम आहे, राहू द्या.
त्यानं खिळा बोटांत फिरवला.
"शहर बाहेरून कितीबी लांब असू द्या,
आत शिरलं की आखूड व्हतंय.
ऊर. उरात."
मागं लग्नपत्रिका पडत होत्या.

संध्याकाळी तेरला उतरून
पांढरीवर गेलो.
केराबाई धाब्यावर टाकायला माती खणत होती,
खोऱ्याला लागलेली खापरं
एका अंगाला भिरकावत.
"काय बघलालाव, सर?"
काही नाही.
त्या तिकडच्या शहराचीही अशीच पांढरी झाली.
नदी कूस बदलून लांब गेली,
नाव कुणाला आठवेना,
पुढं लोक म्हणू लागले
डांबराचं टेकाड.
विटांवर राजाचं नाव होतं, ठसठशीत,
आतल्या बाजूला.

आमचंही नाव एका परक्या माणसानं
कधी लिहून ठेवलंय: तगर.
पैठणपासून दहा दिवस, एवढंच.
तो इथवर आला असेल असं वाटत नाही,
बंदरावर कुणाकडून ऐकलं असेल.
वर्गात सांगितलं तर
मागच्या बाकावरची शाहिस्ता म्हणाली,
तगर म्हंजी फूल की हो.
आणि ऊर?
तिनं तळहात छातीवर ठेवला,
उत्तर बरोबर असल्यासारखा.

अंक आला.
अय्युबनं माझं ऐकलं नव्हतं,
सगळीकडं ऱ्हस्व.
आणि शेवटच्या पानावर, घाईत की मुद्दाम,
'तिन्ही सूर्य मावळले
आणि उरुसात दिवे लागले.'

लाल पेन घेऊन बसलो.
उरुसात पाळणा होता, रेवड्यांचे ढीग,
हरवलेल्या पोराला हाका मारणारा कुणीतरी.
माझ्या शहरात भिंती होत्या, मनोरे होते,
पंधरा पानं होती,
माणूस एकही नव्हता.

टोपण लावलं पेनाला.