साडेनऊ नंबर

चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत.
काउंटर उंच, मी बुटकी,
आणि पोरं येतात ती नाकापर्यंत गुंडाळलेली.
पाय मात्र खोटं बोलत नाहीत.
"सात," म्हणते एखादी.
मी आठ पुढे सरकवते. निमूट घालते.

सहा लेन. त्यातली चौथी बिघडलेली,
आठ पिना पाडल्या तर दहा मोजते.
सगळ्यांना तीच हवी असते.

इथून मोठं शहर सहा तासांवर,
तेही रस्ता उघडा असेल तर.
सिनेमाघर होतं, तिथे आता टायर मिळतात.
मग शनिवारी रात्री माणसानं करायचं काय?
खानावळीतले ट्रे पळवून
जुन्या तांब्याच्या खाणीच्या ढिगाऱ्यावरून घसरायचं,
सरोवर पुरतं गोठलंय की नाही यावर पैजा लावायच्या,
लाँड्रीत बसून परक्यांचे कपडे गरगरताना बघायचे.
आणि नऊच्या सुमाराला, सगळं करून झालं की,
माझ्याकडे.

नियम सासऱ्यांच्या वेळचा:
बोलिंगचे जोडे हवेत, तर आपला एक बूट तारण.
डावा.
एका बुटावर या बर्फात कोणी पळून जात नाही.

त्या वर्षी ओडालिस आली, फ्लोरिडाची,
नोव्हेंबरात कापडी बूट घालून.
मी ते पिझ्झाच्या भट्टीवर वाळवले.
रबराचा वास सुटला, पिझ्झा मात्र सगळे खपले.
आणि तो एक, गोठ्यावर वाढलेला,
वायट की वेस्ली, नाव काहीतरी व वरून होतं.
साडेनऊ नंबर. टाचा बाहेरून झिजलेल्या.
चेंडू टाकायचा दोन पायांमधून,
आणि दर वेळी गटारात.
ती हसायची, म्हणून पुन्हा तसाच टाकायचा.

डिसेंबरपासून दोघांचे बूट
फळीवर शेजारीशेजारी ठेवायला लागले मी.
कोणी सांगितलं नव्हतं.
साडेनऊचा डावा, सहाचा डावा.
दोन डाव्यांचा जोडा होत नाही,
हे मला तेव्हाही कळत होतं.
पण मी जोडे भाड्यानं देते,
जोडे जमवत नाही.

मार्चमध्ये एकदा, खेळ अर्धा टाकून,
ती काउंटरवर आली. सहाचा मागितला.
मी दिला. सुटे पैसेही घेतले नाहीत तिनं.
दार उघडलं तसा बर्फ थेट तिसऱ्या लेनपर्यंत आला.
आणि तो धावला तिच्यामागे
माझे जोडे घालून,
लोण्यासारख्या गुळगुळीत तळव्यांचे,
स्वतःचा उजवा बूट हातात घेऊन.
का, ते त्याचं त्यालाच ठाऊक.
पार्किंगमध्ये दोनदा आपटला.
तिसऱ्यांदा दिसलाच नाही.

मग मे आला. मेमध्ये हे गाव
कोणीतरी बूच काढल्यासारखं रिकामं होतं.
गाद्या रस्त्यावर, सायकली खांबांना तशाच,
आणि मी जोड्यांत पावडर मारत बसते,
एकेक, सहापासून चौदापर्यंत.
साडेनऊचा एक कप्पा रिकामा.

चार वर्षांनी पार्सल आलं.
आत माझे जोडे, नव्या नाड्या घातलेले.
चिठ्ठी नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता
पावसानं की आणखी कशानं पुसलेला.
हुंगून बघितले मी, सवयच ती.
बाहेर कुठे फारसे घातलेले नव्हते.
मग इतकी वर्षं ठेवले कुठे होते?

त्याचा डावा इथेच आहे.
गुण लिहायच्या पेन्सिली ठेवते त्यात.

काल एक नवा आला, कानटोपी भुवयांपर्यंत,
म्हणाला, "नऊ. नाही, थांबा, दहा."
मी त्याच्या पायांकडे बघितलं.
पार्सलातले काढून दिले.
"डावा काढ," म्हटलं.
आणि चौथी लेन लावून दिली.