किल्ल्यांचा जुडगा

ही पितळी, मोठ्या फाटकाची. अडकते.
जरा वर उचलून फिरव, टॅम्झिन,
हट्टी म्हातारीला जिन्यावरून उतरवावं तशी.
ही रोलरच्या खोपटाची.
ही कशाची, एकतीस वर्षांत कळलं नाही.
राहू दे जुडग्यात.

सोमवारी गवत. गुरुवारी चुना.
दोरी ताणायची आणि तिच्यावरच विसंबायचं,
डोळे झाडांकडे ओढतात,
रेघ त्यांच्या मागोमाग जाते.
दोनला पोरं येतील रांगेनं, जांभळे मोजे.
नावं पाठ करू नकोस,
पाच वर्षांत ती उंच होऊन जातात
आणि त्याच नावांची दुसरी येतात.

बाहेरचे विचारतील, बाग कधी उघडते?
सांग, बाग नाही ही, शाळेचं मैदान आहे.
मग विचारतील, मैदान कधी उघडतं?
तेव्हा मी रोलरला तेल घालायला जायचो.

कुंपणच शेत खातं म्हणतात.
हे नाही खात. आतल्या एका पात्याला तोंड लावत नाही.
पण ऑगस्टात, शाळा बंद असताना,
आत चार एकर कापलेलं गवत आणि एक कावळा,
बाहेर फ्लॅटमधली पोरं
दोन दप्तरांचा गोल मांडून, दोन गाड्यांमधल्या
वेळात खेळत असतात,
तेव्हा सळयांना हात लावून बघ.

आणि ते समोर, तिसरा मजला, निळा पडदा.
काचेआड लाल दिसतंय? आपला चेंडू.
मे महिन्यात एकानं असा हाणला की
चोवीस नंबरची बस थांबली.
हिबाकनं उचलला. नऊ वर्षांची असेल.
आतून सगळे ओरडत होते, इकडे टाक, प्लीज, इकडे!
ती तळहातावर तोलत राहिली.
मग मला म्हणाली, मास्तरांना नाही, मला:
“वरून बघताना इतका जड वाटत नाही.”

वहीत लिहिलंय मी: चेंडू एक, हरवला.
तारीख तेवढी खरी आहे.
तू सगळं कॉम्प्युटरवर घेशील. घे.
ती ओळ जशीच्या तशी उतरव.

बाकी काही नाही. नदीकडच्या कोपऱ्यात पाणी साचतं,
तिथे बी टाकून उपयोग नाही.

आणि ती किल्ली, कशाची ते न कळलेली,
फ्लॅटच्या बाजूला एक छोटं फाटक आहे,
वेलीखाली, गंजलेलं.
मी कधी लावून पाहिली नाही.
लागली असती तर?